पोर्तुगीज क्रियापदांचा आघात, नोंद ४ : शेपटाकडून मोजणी

या टप्प्यात ‘फलार’ (बोलणं), ‘कुपियार’ (नक्कल करणं) आणि ‘सईर’ (बाहेर पडणं) फोडून झाली : ३ क्रियापदं, ४ काळ, ६ रूपं, एकूण ७२. उच्चार लिस्बनचे. आघाताच्या, म्हणजे जोर देऊन बोलायच्या, तुकड्याआधी ˈ खूण आहे; शब्दाचे तुकडे ‘-’ने वेगळे केलेत.

रोमन अक्षरामागे अक्षर लावलं तर ‘ते बोलले’ आणि ‘ते बोलतील’ दोन्ही ‘फालारांव’ होतात. चूक इथेच. आघात असलेला रोमन ‘ए’ (a) तोंड उघडून ‘आ’ होतो (नाकात गेला तर नाही), नसलेला ‘अ’वर उतरतो. म्हणून फ-ˈला-रंव म्हणजे बोलले आणि फ-ल-ˈरंव म्हणजे बोलतील. आपला ‘पगार’ घ्या. तो पोर्तुगीज प-ˈगार (पैसे चुकते करणं) वरून आला. पहिला ऱ्हस्व ‘प’ आणि लांब ‘गा’ आपल्या पूर्वजांनी अगदी नेमके ऐकले होते.

कागदावर आघात शोधताना शब्दाचं शेपूट बघा. शेवटी रोमन ए, ई, ओ (a, e, o; पुढे एस असला तरी), ‘ए-एम’ किंवा ‘ई-एम’ असेल तर शेवटून दुसरा तुकडा. आर, एल, झेड, आय, यू असेल तर शेवटचा. अक्षरावर तिरकी रेघ (´) दिसली की बाकी नियम गुंडाळून रेघेचं ऐकायचं. कु-ˈपी-अ (तो नक्कल करतो) बिनरेघेचं, तीन तुकड्यांचं. ˈकॉ-प्य (प्रत) हे नाम रेघेचं, दोन तुकड्यांचं.

‘आ’ची खूण आणखी एका ठिकाणी दगा देते : ‘म’च्या आधी. फ-ˈल-मुश (आम्ही बोलतो) आणि फ-ˈला-मुश (आम्ही बोललो), आघात एकाच जागी, फरक फक्त स्वराचा. पोर्तुगालमध्ये दुसऱ्यावर रेघ देतात, ब्राझीलमध्ये दोन्ही बिनरेघेची.

सगळ्यात जास्त वेळ ‘सईर’वर द्या. ˈसाय (तो बाहेर पडतो) हा एकच तुकडा. स-ˈई (मी बाहेर पडलो) दोन, आणि ते रेघेमुळेच कळतं. मग मूळ ‘सईर’वर रेघ का नाही? कारण तिथे ‘र’ त्याच तुकड्यात येऊन ‘ई’ला बंद करतो. स-ˈईर-मुश (आम्ही बाहेर पडणं; कर्त्याप्रमाणे बदलणारं मूळ रूप) त्यामुळेच बिनरेघेचं. पण स-ˈई-रिश (तू बाहेर पडणं) मध्ये ‘र’ पुढच्या तुकड्यात सरकतो, ‘ई’ उघडी पडते आणि रेघ परत येते. ही शेवटची दोन रूपं ७२च्या बाहेरची. पुढच्या टप्प्यात तोच संच पूर्ण करायचा आहे.