कन्सोलवर कोणीच नव्हतं

चाकणच्या एका कारखान्यात आमचा डेटा गोळा करणारा बोर्ड बसवलेला होता. त्याच्या एका सिरियल पोर्टवर ९६०० बॉडच्या वेगाने वीज मीटर, दुसऱ्यावर १,१५,२०० बॉडने एका मशीनचा कंट्रोलर. मीटरचं काम सुरळीत, पण कंट्रोलरकडून येणारी पॅकेट्स मधूनच तुटायची. मोटारी बंद असल्या की सगळं ठीक, पाळी सुरू झाली की तक्रार सुरू. केबल बदलून झाली, अर्थिंग तपासून झालं, तेव्हा मी स्वतः तिथे गेले.

सोबत टीममधला एक नवा मुलगा होता. बाइट कुठे गळतात हे बघायला त्याने सिरियल ड्रायव्हरच्या इंटरप्ट हँडलरमध्ये (बाइट आला की हातातलं काम थांबवून प्रोसेसर जो कोड चालवतो तो) प्रिंटके, म्हणजे मेसेज छापणारं फंक्शन, टाकला होता. "मॅम, प्रिंट टाकल्यावर बाइट जास्तच गळतायत," असं तो गाडीत म्हणाला, आणि मला दिशा मिळाली.

प्रिंटकेने कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, छापलेली ओळ आधी मेमरीतल्या बफरमध्ये जाते. तिची लेव्हल (आकडा जितका लहान, तितका मेसेज गंभीर) कन्सोलच्या मर्यादेत बसत असेल, तर ती लगेच सिरियल कन्सोलवरही, म्हणजे मेसेज बाहेर दाखवण्यासाठीच्या पोर्टवरही, एकेक अक्षर करून ढकलली जाते. १,१५,२०० बॉडला सेकंदाला ११,५२० अक्षरं जातात, म्हणजे ८० अक्षरांच्या ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद. आमच्या कर्नलमध्ये तेवढा वेळ इंटरप्ट बंद राहायचे, आणि प्रोसेसर एकाच कोअरचा. कंट्रोलरच्या पोर्टचा फिफो, म्हणजे आलेले बाइट उचलले जाईपर्यंत धरून ठेवणारी रांग, १६ बाइटचा, तो १.४ मिलिसेकंदात भरतो. पुढचे बाइट गेलेच. ९६०० बॉडला तोच फिफो भरायला १६ मिलिसेकंदांहून जास्त लागतात, म्हणून मीटरला झळ लागत नव्हती.

पण कारखान्यातल्या बोर्डावर त्या मुलाचे प्रिंट नव्हतेच. मग बोलत होतं कोण? डीमेसेज या कमांडने तो मेसेजचा बफर उघडला तर वरपासून खालपर्यंत एकच ओळ: तापमान वाचता आलं नाही, एरर -१२१. सेन्सरचा ड्रायव्हर दर सेकंदाला तापमान वाचायचा, फसलं की तीनदा प्रयत्न करायचा आणि प्रत्येक वेळी एक डेव्ह-वॉर्न, म्हणजे वॉर्निंगची ओळ, सोडायचा. १२८ केबीचा बफर या एका ओळीने भरून गेला होता. बूटच्या वेळचे सगळे मेसेज त्यातून कधीच बाहेर पडले होते.

ऑफिसात फोन करून तिथल्या बोर्डाचा सेन्सर काढायला लावला. तिथेही -१२१ ची रांग लागली, पण बाइट एकही गळेना. इथे मी जरा थबकले. मग दोन्ही बोर्डांच्या कर्नलला सुरू होताना दिले जाणारे पर्याय शेजारी ठेवले. ऑफिसच्या बोर्डावर 'क्वाएट' होतं, म्हणजे कन्सोलची मर्यादा ४. वॉर्निंगची लेव्हलही ४, आणि मर्यादेपेक्षा लहान लेव्हलच कन्सोलवर जाते. कारखान्यातल्या बोर्डावर बूटचे मेसेज दिसावेत म्हणून कोणीतरी 'क्वाएट' काढलं होतं, त्यामुळे मर्यादा ७. कन्सोलच्या पोर्टला तर वायरही लावलेली नव्हती. फ्लो कंट्रोल (पलीकडून येणारी 'थांब' किंवा 'पाठव' ही खूण) नसलेल्या यूआर्टला, म्हणजे सिरियल पोर्ट चालवणाऱ्या सर्किटला, ते कळत नाही. पलीकडे कोणी असो वा नसो, तो अक्षरं पाठवत राहतो.

कर्नलची माहिती दाखवणाऱ्या प्रॉकमधला ओव्हररनचा, म्हणजे फिफो भरल्यामुळे बाइट गळण्याचा, आकडा डोळ्यांसमोर वाढत होता. कन्सोलची मर्यादा १ वर आणायला मी 'डीमेसेज -एन १' टाइप करून एंटर दाबलं. आकडा जागीच थांबला. मोटारी चालू, मशीन चालू, आणि एकही पॅकेट तुटत नव्हतं. मुलाने दोनदा रिफ्रेश करून पाहिलं.

"पण मॅम, मग इंटरप्टमधलं डीबग करायचं कसं?" त्याने विचारलं. प्रश्न अगदी रास्त होता. ट्रेस-प्रिंटके फक्त मेमरीत लिहितो, कन्सोलच्या वाटेला जात नाही. शोधकामापुरता तो वापरायचा आणि कोड पुढे पाठवण्याआधी काढून टाकायचा. तिथेच बसून त्याच्याकडून करून घेतलं.

सेन्सरच्या ड्रायव्हरला रेटलिमिट लावू, असं ऑफिसातून सुचवलं गेलं. मला ते पटलं नाही. रेटलिमिट मुळात ५ सेकंदांत १० ओळी जाऊ देतो. आमच्या होत होत्या १५. म्हणजे पाच ओळी टळल्या असत्या आणि उरलेल्या दहांनी बाइट खाल्लेच असते. शिवाय त्या ओळीत धड माहितीही नव्हती: कुठला रजिस्टर, किती वेळ फसतंय, काहीच नाही. प्रत्येक प्रयत्नाची ओळ डेव्ह-डीबगमध्ये नेली, म्हणजे एरवी ती बंदच. हवी तेव्हा डायनॅमिक डीबगने चालू करता येते. सेन्सर चांगल्याचा वाईट झाला की एक वॉर्निंग आणि परत नीट झाला की एक ओळ, एवढंच ठेवलं.

आता सेन्सर. ती ओळ खोटं बोलत नव्हती. मेन्टेनन्सच्या दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, पॅनल सरकवलं तेव्हा ती वायर आम्हीच लांबवली. पुरतच नव्हती." सेन्सर ज्या आयटूसी जोडणीवर होता ती मुळात बोर्डावरच्या चिपांनी आपसात बोलण्यासाठी, इथे ती मोटारच्या केबलला खेटून भिंतीवरून फिरवलेली. दादांनी त्याच दुपारी सेन्सर बोर्डाजवळ आणला आणि वायर तोडून आखूड केली. संध्याकाळी लॉगमध्ये नव्या ड्रायव्हरची एकच ओळ होती: पत्ता ०एक्स४८, तापमान पुन्हा वाचता येत आहे.