शेवटची पाच मिनिटं

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमारास चर्चगेटहून सुटलेल्या लोकलमध्ये माझ्यासमोर कॉलेजची दोन पोरं बसली होती. एकाच्या मांडीवर पेपर पसरलेला, पेपरावर खारे दाणे. मला वाटलं, खातायत. पण दाणे ओळीने मांडलेले होते, चार मागे, दोन पुढे. त्यातला एक बोटाने सरकवत चश्मेवाला म्हणत होता, "इथे छांगतेला मोकळा सोडला. आणि हे बघ, हा आणि हा, दोघंही नुसते बॉलकडे बघत उभे!"

दुसऱ्याने त्यातला एक 'हा' उचलून तोंडात टाकला.

"अरे, तो गोव्याचा सेंटर बॅक होता!"

"असू दे. नाहीतरी काही करत नव्हता."

आदल्या रात्रीच्या मॅचचं शवविच्छेदन चाललं होतं. गोव्यात फातोर्ड्याच्या स्टेडियमवर आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या, सेमीफायनलचा पहिला लेग (दोन मॅचमधली पहिली), एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. सोळाव्या मिनिटाला गोव्याचा बोरिस सिंग, दुसऱ्या हाफमध्ये त्यांचाच ब्रँडन फर्नांडिस, आणि ८९ मिनिटं होईपर्यंत बोर्डावर निवांत २-०. मग ९०व्या मिनिटाला मुंबईच्या छांगतेचा गोल, पाठोपाठ विक्रम प्रताप सिंगचा, आणि इंज्युरी टाइमची सहा मिनिटं होताहोता पुन्हा छांगते. मुंबई ३-२.

पोरांकडे कारणं रग्गड होती. गोवेकर फार मागे सरकले. पाय थकले. मुंबईचा कोच पेटर क्रात्कीने बदल बरोबर केले, गोव्याचा कोच मानोलो मार्केझने चुकवले. मधेच चश्मेवाल्याने 'एक्सजी' काढलं, म्हणजे मिळालेल्या संधी बघता किती गोल व्हायला हवे होते त्याचा आकडा. आमच्या वेळी बॉल जाळ्यात गेला तर गोल आणि नाही गेला तर शिव्या, एवढाच हिशेब होता.

मी गप्प होतो. खरं तर मुंबईबद्दल चार शहाणपणाचे शब्द मीही बोललो असतो. पण ते तीनही गोल मी पाहिले नव्हते. ८५व्या मिनिटाला मी उठलो होतो. गॅस बंद केला, गॅलरीतले कपडे आत घेतले, दाराची वरची कडी लावली आणि दात घासून झोपलो. माझ्याच घरात. हॉलमधून बेडरूममध्ये जायला कुठली लोकल पकडायची होती, देव जाणे.

हे बाबांचं वळण. "गर्दीच्या आधी निघावं" हा त्यांचा एकमेव सिद्धांत. नाटकाच्या शेवटच्या प्रवेशात आम्ही लोकांच्या गुडघ्यांना गुडघे घासत बाहेर पडायचो. गणपतीत मंत्रपुष्पांजली सुरू झाली की बाबा चपला शोधायला लागायचे.

बाबा फोर्टात बँकेत होते. रोव्हर्स कप या फुटबॉल स्पर्धेच्या दिवसांत कधीतरी मला ऑफिसात बोलावून घ्यायचे आणि तिथून आम्ही कूपरेजच्या मैदानावर जायचो. गोव्याची टीम असली की मजा असायची. धोबीतलावच्या कुडांतून, म्हणजे गोवेकरांच्या गावोगावच्या क्लबांतून, म्हातारे गोवेकर आलेले असायचे. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर हॅट, आणि तोंडाने रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार. एकदा त्यांच्यातल्या एकाने मला अर्धं संत्रं सोलून दिलं होतं. मॅचमध्ये काय झालं ते आठवत नाही, संत्रं आठवतं. आंबट होतं.

मग पाच मिनिटं उरली की बाबा उठायचे. मनगट धरायचे, हात नाही. बँडस्टँडच्या कडेने बाहेर, मग ओव्हलच्या बाजूने चर्चगेट. वाटेत राजाबाई टॉवरच्या घड्याळाशी स्वतःचं घड्याळ जुळवायचं, हे ठरलेलं. एकदा आम्ही ओव्हलच्या टोकाशी पोचतोय तोच मागे कूपरेजमधून आवाज उठला. हजारो गळ्यांचा एकच आवाज, आणि तो थांबेचना. मी वळलो. मनगट बाबांच्या मुठीत असल्यामुळे अर्धाच वळलो.

"बाबा, गोल!"

"उद्या पेपरात येईल."

दुसऱ्या दिवशी आलं. क्रिकेटच्या खाली तीन ओळी. कोण जिंकलं ते होतं. गोल कोणी मारला ते नव्हतं.

मुंबई सिटीने तर बहुधा माझ्यावर डूखच धरलाय. २०२१ची फायनल, हेच फातोर्डा, करोनामुळे रिकामं. एटीके मोहन बागानशी १-१, आणि ९०व्या मिनिटाला बिपिन सिंगचा गोल. तेव्हाही मी दुधाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवत होतो.

तर गाडीत. अंधेरी गेल्यावर पोरांचे दाणे संपत आले होते, गोव्याकडे तर गोलकीपर आणि एक डिफेंडर एवढेच उरले होते. चश्मेवाल्याने शेवटचा निष्कर्ष काढला, "कसलं टॅक्टिक्स रे! पाच मिनिटं आधीच ते मनाने घरी गेले होते." आणि उरलेला डिफेंडर खाल्ला.

मला एकदम त्या अख्ख्या टीमबद्दल जवळीक वाटली. अकराच्या अकरा जण बाबांच्या वळणावर गेलेले. मडगावच्या मित्राला मी आदल्या सकाळी "आज बघूच" म्हणून डिवचलं होतं. त्याचं उत्तर शुक्रवारी आलं. "यंदा मानकुराद कमी आहे." मीही आंब्यांबद्दलच बोललो.

सोमवारी दुसरा लेग अंधेरीला होता. मी तिकीट काढून गेलो, आणि मनाशी ठरवून गेलो की शिट्टी वाजेपर्यंत जागचं हलायचं नाही. दुसऱ्या हाफमध्ये मुंबईने दोन गोल मारले. ८५वं मिनिट आलं. माझ्या पायांना खरोखर मुंग्या आल्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ उठला, मुलाचं मनगट धरलं आणि जिन्याकडे निघाला. मुलगा मागे बघत बघत चालत होता. मी खुर्चीचा कठडा धरून बसलो. ८८. ९०. इंज्युरी टाइम. बॉल मधल्या मैदानात इकडून तिकडे फिरत राहिला. कोणी थ्रो-इन घेतला, कोणी पाण्याची बाटली उचलली. शिट्टी झाली.

मग आझादनगर मेट्रोची रांग. जिन्यावरून खाली, फुटपाथवरून वळसा घालून पार वडापावच्या गाडीपर्यंत. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. वीस मिनिटांत मी जेमतेम पहिल्या पायरीशी पोचलो, तेव्हा बाबांना फोन लावला.

"शेवटपर्यंत थांबलास?"

"हो."

"काय झालं शेवटी?"

"काही नाही."

"मग!" बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.