कोजागिरी, कढई आणि डायनोसॉर

नागपुरात महालातल्या आमच्या गल्लीत गणपतीही बसायचा आणि देवीही, पण आम्हा पोरांचा जीव अडकलेला असायचा तो कोजागिरीत. त्या रात्री 'झोपा आता' म्हणून कोणी ओरडायचं नाही. संध्याकाळी घरोघरी थोरल्या लेकरांना ओवाळायचं, मग आम्हा मुलींची भुलाबाईची शेवटची गाणी, खाऊ ओळखण्याचा गलका, आणि आठ-साडेआठला मंडळाच्या सतरंज्या मैदानात पडायच्या. एका कोपऱ्यात विटांच्या चुलीवर भलीमोठी कढई. समोर बाकावर बाक चढवून त्यावर भाड्यानं आणलेला रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर. चंद्र माथ्यावर येईस्तोवर जागायचं तर डोळ्यांना काहीतरी हवं, म्हणून दरवर्षी एक पिक्चर.

कढईचा ताबा एका काकूंकडे असायचा. पदर खोचून, लांब दांड्याचा झारा घेऊन त्या चार तास उभ्या राहत. चारोळी किती, जायफळ किती, हे त्यांनी कोणाला कधी विचारलं नाही. बारा वाजल्याशिवाय दूध मिळणार नाही हा त्यांचा नियम. तरी पिक्चर रेंगाळला की लोक उठायचे आणि पेला घेऊन कढईभोवती घुटमळायला लागायचे. काकू पडद्याकडे पाठ करून उभ्या असायच्या, पण पिक्चर कसा होता हे त्यांना बरोबर कळायचं. "किती जण उठून आले, त्यावरून समजते बाप्पा," असं त्या म्हणत. गेल्या तीस वर्षांत परीक्षणं पुष्कळ वाचली, काकूंच्या या मापाइतकं खरं माप मला दुसरं सापडलेलं नाही.

'ज्युरासिक पार्क' आमच्या मैदानात आला 1995 च्या कोजागिरीला. 1994 मध्ये तो हिंदीत डब होऊन देशभर लागला तेव्हा गल्लीतली मोठी पोरं बर्डीवरच्या टॉकीजमध्ये जाऊन पाहून आली होती, आणि वर्षभर आम्हाला त्याच्याच गोष्टी सांगून छळत होती. मी तेव्हा पाचवीत. पुढच्या सतरंजीवर जागा धरून बसले होते, मांडीवर धाकटा भाऊ.

तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पाऊस, बंद पडलेल्या गाड्या, आणि पेल्यातल्या पाण्यावर उठलेली ती बारीक गोल लाट. प्राणी अजून दिसलेलाच नाही. मैदानात दोनशे माणसं असतील, पण चुलीत लाकूड फुटल्याचा आवाज ऐकू येत होता. पुढे कधीतरी वाचलं की ती लाट उठवायला डॅशबोर्डखाली गिटारची तार ताणून छेडली होती. एवढीशी तार! आणि टी-रेक्स या अजस्र मांसाहारी डायनोसॉरचा यांत्रिक पुतळा पावसाच्या पाण्यानं असा चिंब व्हायचा की त्याचं रबरी कातडं जड होऊन अख्खा पुतळा थरथरायचा, मग माणसं टॉवेलनं पुसून त्याला कोरडं करायची. त्याच्या डरकाळीत हत्तीच्या पिल्लाचा, वाघाचा आणि मगरीचा आवाज मिसळलेला आहे. 127 मिनिटांच्या पिक्चरमध्ये डायनोसॉर दिसतात ते जेमतेम पंधरा मिनिटं. बाकी सगळा वेळ आपण त्यांची वाट पाहत असतो, आणि दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्गनं ती वाट पाहणंच आपल्याला दिलेलं आहे. आम्हाला यातलं काहीही माहीत नव्हतं. भाऊ मात्र माझ्या फ्रॉकमध्ये तोंड घालून बसला होता, तो थेट दूध वाटेपर्यंत.

पण त्या रात्रीचं मला सगळ्यात ठसठशीत आठवतं ते वेगळंच. पिक्चरमध्ये एक आजारी ट्रायसेराटॉप्स, म्हणजे तीन शिंगांची डायनोसॉर, आडवी पडलेली असते. तिची जीभ पाहतात, डोळे पाहतात, तिच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजतात. ती संगणकावर काढलेली नाही, यांत्रिक पुतळे बनवणाऱ्या स्टॅन विन्स्टनच्या माणसांनी खरीखुरी घडवलेली आहे, म्हणून तिचं पोट वरखाली होताना आपलंही होतं. मग शेणाचा तो डोंगर येतो आणि डॉक्टरबाई कोपरापर्यंत हात घालून त्यात शोधायला लागतात. आम्ही पोरं "ईऽऽ" करून लोळलो. मागून आवाज आला, "हसून काय राहिले? शेणात सगळा इतिहास असतो."

हे आमच्या गल्लीतले सर्व्हेवाले काका. सेमिनरी हिल्सवर जिऑलॉजिकल सर्व्हेच्या कचेरीत नोकरीला. पिक्चर संपल्यावर त्यांनी आम्हा दहाबारा पोरांना चुलीजवळ बोलावलं आणि रुमालातून एक दगड काढला. मुठीएवढा, मळकट पांढरा, वर वळ्या पडलेल्या, आणि दिसतो त्याहून चांगलाच जड. तो हातोहात फिरला. सगळ्यांचा हात लागून झाल्यावर काका म्हणाले, "डायनोसॉरचं शेण आहे. दगड होऊन गेलं. पिजदुऱ्याचं." मी तो दोन्ही हातांत धरून बसले होते, आणि मला तो खाली ठेवावासा वाटेना.

पिजदुरा म्हणजे आपल्या वरोऱ्याकडचं गाव. आनंदवनामुळे वरोरा सगळ्यांना ठाऊक, पण तिथल्या शेतांमध्ये लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या अजस्र डायनोसॉरांची हाडं आणि शेणाचे दगड सापडतात हे आमच्या शाळेच्या पुस्तकात कुठे नव्हतं. ज्यांच्या नावानं हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, मिशनचं काम करता करता टाकळीच्या आसपास दगडांत जीवाश्म शोधत फिरले, हेही काकांनीच त्या रात्री सांगितलं. दूध वाटून झालं होतं, सतरंज्या गोळा होत होत्या, आणि आम्ही चुलीच्या निखाऱ्यांपाशी बसून होतो. डायनोसॉर परदेशातल्या बेटावरचा नाही, आपल्या चंद्रपूरकडचा आहे, हे कळल्यावर झोप कुठली येणार?

त्या रात्री पिक्चर चालू असताना कढईपाशी एकही जण आला नाही. दुधावर सायीचा जाड थर धरला. काकू रागावल्या, आणि मग म्हणाल्या, "असा पिक्चर आणत जा."

दुसरा भाग, 'द लॉस्ट वर्ल्ड', 1997 चा. आमच्याकडे कॅसेट आली 1998 च्या कोजागिरीला. दिग्दर्शक तोच स्पीलबर्ग, पुन्हा टी-रेक्स, आणि या वेळी एक नाही तर जोडी, वर पाय मोडलेलं पिल्लू. कड्यावरून लोंबकळणाऱ्या गाडीची काच बाईच्या अंगाखाली हळूहळू तडकत जाते, तो प्रसंग आजही माझ्या हातापायांतली ताकद काढून घेतो. पण नंतर डायनोसॉर शहरात शिरला आणि मैदानातली माणसं एकेक करून उठायला लागली. काकूंनी बाराच्या आधीच वाटप सुरू केलं. पहिल्यासारखा आहे की नाही, हा वाद त्या वर्षी पेटला तो अजून विझलेला नाही. दादा लोक म्हणायचे, यात डायनोसॉर जास्त आहेत, मारामारी जास्त आहे, मग हा चांगला. मला तेव्हा नीट सांगता यायचं नाही, नुसतं "पहिलाच भारी" म्हणून भांडायची मी.

काकांचा आक्षेप वेगळा होता. त्या पिक्चरमध्ये उंच गवतातून माणसं पळतात, आणि वरून फक्त गवतात पडत जाणाऱ्या रेघा दिसतात. प्रत्येक रेघ म्हणजे एक रॅप्टर, चपळ शिकारी डायनोसॉर. अप्रतिम प्रसंग आहे. काका म्हणाले, "या जनावरांनी जन्मात गवत पाहिलं नसेल. डायनोसॉर गेले, त्याच्या पुष्कळ नंतर गवत आलं." तेव्हाचं शास्त्र तसंच सांगत होतं. आणि गंमत पाहा, त्याच 1997 मध्ये आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्याच डोंगरगावच्या सांगाड्याचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं होतं. त्या प्राण्याला आता आयसिसॉरस म्हणतात. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडलं.

मग आली 2006 ची कोजागिरी. पिक्चर कोणता होता ते मला आठवतही नाही. तो सुरू होण्याआधी काकांनी अध्यक्षांकडून माईक मागून घेतला. ते निवृत्त होत आले होते. खिशातून घडी घातलेला कागद काढून ते म्हणाले, "मी आठ वर्षांपूर्वी इथे चूक सांगितलं होतं." लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन 2005 च्या शेवटी 'सायन्स' नियतकालिकात आलं होतं. पिजदुऱ्याचं तेच शेण! त्याचे तुकडे तपासताना गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, आणि तेही किमान पाच प्रकारच्या गवतांचे. म्हणजे डायनोसॉर होते तेव्हा गवत होतं, आणि ते ते खातही होते. जगभरातल्या पुस्तकांत दुरुस्ती झाली ती आपल्या वरोऱ्याकडच्या दगडांमुळे. दोनशे माणसांसमोर, हातात पेला घेऊन बसलेल्या पोरासोरांसमोर, एक पन्नाशी उलटलेला माणूस आपलं वाक्य मागे घेत होता आणि त्याचा चेहरा आनंदानं फुललेला होता. टाळ्या वाजल्या. मी पिक्चर पाहत पाहत मोठी झाले त्यातला हा सगळ्यात सुंदर प्रसंग, आणि तो पडद्यावर नव्हता.

त्या दिवशी मला माझ्या भांडणाचं उत्तरही मिळालं. पहिल्या भागाला डायनोसॉर हा प्राणी वाटतो. त्याला काय होतंय, तो काय खातो, तो कसा श्वास घेतो, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. काकांना वाटायचं तसंच. पुढचे भाग त्याला नुसतं अंगावर सोडतात.

म्हणून 2015 च्या 'ज्युरासिक वर्ल्ड'बद्दल माझं मन दुभंगलेलं आहे. तो आम्ही पुढच्या वर्षी पाहिला, एव्हाना मंडळाकडे प्रोजेक्टर आणि खरा पडदा आला होता. पार्कचा मालक म्हणून इरफान खान पडद्यावर आला तेव्हा शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. आपला माणूस तिथे इतक्या सहज उभा आहे याचा कोण अभिमान वाटला! गोष्टीतच असं आहे की लोकांना आता साधे डायनोसॉर पुरत नाहीत, म्हणून प्रयोगशाळेत आणखी मोठा, आणखी दातांचा प्राणी तयार करतात. पिक्चर हे लोभाविरुद्ध सांगतो, आणि स्वतःही तेच करतो. दूध मागायला रांग लागली. पण मध्येच एक प्रसंग येतो. माळावर लांब मानेची घायाळ ॲपॅटोसॉरस पडलेली आहे, दोघं तिच्या डोक्याशी गुडघे टेकतात, तिला थोपटतात, आणि ती जाते. ते डोकं संगणकावरचं नव्हतं, खरं बनवलेलं होतं. काकूंच्या पुढ्यातली रांग तिथल्या तिथे थांबली. पेला पुढे केलेला एक मुलगा मान वळवून पडद्याकडे पाहत राहिला, आणि काकूंनीही, मी पाहिलेल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मागे वळून पाहिलं. त्या तीन-चार मिनिटांपुरता तो पिक्चर पहिल्याच्या तोडीचा होता, असं मी कोणाशीही भांडून सांगेन.

तसाच 2018 च्या 'फॉलन किंगडम'मध्ये धक्क्यावर मागे राहिलेला तो लांब मानेचा प्राणी. ज्वालामुखीच्या धुरात तो मागच्या पायांवर उभा राहतो आणि हळूहळू त्याची नुसती आकृती उरते. काका शेजारी होते. ते हलकेच म्हणाले, "आपल्याकडचेही असेच गेले असतील." सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे तो लाव्हाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या त्या प्रचंड उद्रेकांमधला. बर्डीवर आता जाते तेव्हा टेकडीकडे पाहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. 2022 चा 'डोमिनियन' मंडळात लावला होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

2025 मध्ये 'रीबर्थ' आला तो मी थिएटरात जाऊन पाहिला. लेखक डेव्हिड केप, म्हणजे पहिल्या भागाच्या पटकथाकारांपैकीच एक. त्यात नदीकाठी टी-रेक्स झोपलेला असतो आणि त्याच्या नाकासमोरून एक कुटुंब रबरी होडी ओढून नेतं. होडीचा हा प्रसंग मायकेल क्रायटनच्या 1990 च्या मूळ कादंबरीतला, पहिल्या पिक्चरमध्ये न आलेला. मी श्वास धरून पाहिला. झोपलेलं जनावर, त्याचं ते सुस्त वळणं, पाण्याचा आवाज. पुढे शेवटाला पुन्हा एक विद्रूप राक्षस आणला आहे, पण त्या नदीसाठी मी पुन्हा तिकीट काढेन.

तोच पिक्चर कोजागिरीला लावायचा असं पोरांचं म्हणणं होतं. काका आता ऐंशीच्या घरात, खुर्चीवर बसून असतात. ते म्हणाले, "यांना एकदा पहिला दाखवा ना." बैठकीत थोडी कुरकुर झाली, पण ठरलं. काकू पुण्याला मुलाकडे राहायला गेल्यापासून कढई माझ्याकडे आहे. मी त्यांच्यासारखीच पडद्याकडे पाठ करून उभी होते, रांग मोजायची म्हणून. मोबाइलवर डायनोसॉर पाहून मोठी झालेली ही पोरं, तीस वर्षांपूर्वीचा पिक्चर, पहिला तासभर फारसं काही घडत नाही. मला धाकधूक होती.

पाऊस सुरू झाला. गाड्या थांबल्या. माझ्याकडे कोणी आलं नाही. मी वळून पाहिलं तर भावाची सात वर्षांची लेक पहिल्या सतरंजीवर बसलेली, रिकामा पेला दोन्ही हातांत घट्ट धरून, आणि तिच्यामागे सगळं मैदान तसंच. मग मीही पाहत राहिले. चुलीच्या बाजूनं जळका वास आला तेव्हा भान आलं. दूध बुडाला लागलं होतं.