आमची वाटचाल : शनिवारी मोडलेले जोड

2003 साली कोल्हापूरजवळच्या ‘शिरोली पुलाची’ या गावात भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही वेल्डिंगच्या कामाला सुरुवात केली. एक जुना वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर, एक हँड ग्राइंडर, उसना आणलेला गॅस कटिंगचा सेट आणि मला धरून तीन माणसं. कामं म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, खिडक्यांच्या ग्रिल, गुऱ्हाळाच्या काहिलींची दुरुस्ती. वडील साखर कारखान्यात फिटर होते, त्यामुळे गाळप संपलं की तिकडची ऑफ सीझनची कामं मिळू लागली. पहिली आठ वर्षं अशीच गेली.

मग 2011 मध्ये ती टाकी आली. एका कारखान्यासाठी सहा मिलिमीटर प्लेटची रसाची टाकी. जोड इतके देखणे झाले होते की मीच त्यावरून हात फिरवत होतो. टाकी बसवल्यावर तिथल्या इंजिनिअरनं जोडांना बाहेरून खडूचं पाणी मारायला लावलं. ते वाळल्यावर आतून रॉकेल फिरवलं. रॉकेल केसाएवढ्या फटीतूनही पाझरतं. थोड्या वेळात पांढऱ्या खडूवर ओले ठिपके उमटायला लागले. मोजले, सतरा निघाले. पुढचे पाच दिवस आम्ही ते जोड ग्राइंडरनं उकरून पुन्हा भरत होतो.

उकरताना कारण दिसलं. पहिल्या थरावरची स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमणारी कडक खपली, नीट न झाडता त्यावरच दुसरा थर मारला होता. जिथं वेल्डिंगची एक काडी संपून दुसरी सुरू झाली, तिथला खड्डा न भरता तसाच राहिला होता. ते काम करणारा मुलगा कामचुकार नव्हता. तो हेल्पर म्हणून आला, दोन वर्षं जॉब, म्हणजे जोडायची वस्तू, धरून उभा राहिला, बघत बघत शिकला आणि आम्ही त्याच्या हातात काडी धरायचा होल्डर दिला. स्लॅग का झाडायची, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

त्याच पावसाळ्यात शेडच्या मागच्या कोपऱ्यात शिकण्यासाठी दोन बूथ केले. मी स्वतः आयटीआयचा वेल्डर आहे. त्या एक वर्षाच्या कोर्सला मी कधी कमी लेखणार नाही. ड्रॉइंग वाचणं, गुण्या लावणं, धातूची ओळख, सगळं तिथंच मिळालं. पण हात बसायला काड्या जाळाव्या लागतात आणि मोठ्या वर्गात प्रत्येकाच्या वाट्याला त्या मोजक्याच येतात. म्हणून आमच्याकडे आलेल्या मुलाला पहिले तीन महिने गिऱ्हाइकाच्या जॉबला हात लावू देत नाही.

पहिले पंधरा दिवस तर आर्कही, म्हणजे काडीच्या टोकाची वीजज्योतही, मारायची नाही. कटिंग, ग्राइंडिंग, फिटिंग, अर्थिंग कुठं लावायचं, वायरीचा जोड उघडा आहे का. तरी एखादा काचेशिवाय आर्ककडे बघतोच आणि रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होऊन जागतो. घरचे डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवतात. आम्ही डॉक्टरकडे पाठवतो.

नंतर सपाट प्लेटवर 3.15 मिलिमीटर जाडीच्या काडीनं वेल्डच्या रेघा. नवखा माणूस झगमगाटाकडे बघतो. त्याच्या मागं वितळलेल्या लोखंडाचं छोटं तळं असतं, त्याच्या काठांवर नजर ठेवायची. तळं दोन्ही बाजूंना धरतंय का, स्लॅग पुढं पळत नाही ना, हे तिथंच कळतं. कानही लागतो. आर्कची लांबी बरोबर असली की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा आवाज येतो.

शनिवारी दुपारी आठवड्याचे जोड मोडायचे. दोन तुकडे काटकोनात ठेवून एकाच बाजूनं वेल्ड केलेले असतात. ते व्हाइसमध्ये धरून घणानं पाडायचे आणि मूळ, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला भाग, बघायचं. वरून देखणा जोड आतून पोकळ निघाला की मुलगा गप्प होतो, त्याला वेगळं रागवावं लागत नाही. मोडलेले तुकडे तारीख टाकून ज्याचे त्याच्याजवळ राहतात.

खर्च होतोच. हिशोब पत्नी बघते. पहिल्या वर्षी काड्यांचं बिल बघून तिनं मला बसवून विचारलं होतं. मग तिनंच मार्ग काढला : भंगारात जाणारे प्लेटचे तुकडे आधी बूथमध्ये, मग भंगारात. पुढं अप्रेंटिस योजनेतून स्टायपेंडचा काही भाग सरकारकडून मिळू लागला, तेव्हा थोडा श्वास मिळाला.

2019 च्या ऑगस्टमध्ये हायवे पाण्याखाली गेला तेव्हा शेडही गेली. ट्रान्सफॉर्मर मुलांनीच उघडून वाळवले. 7018 या जातीच्या वेल्डिंगच्या काड्यांचे खोके भिजले होते. भट्टीत भाजून वापरू का, असं एकानं विचारलं. नुसती दमट काडी तीनशे-साडेतीनशे अंशांवर भाजून चालते, पण पाण्यात बुडालेल्या काडीच्या लेपाचा भरवसा नाही. सगळे खोके टाकून दिले. पैसे नव्हते, तरी टाकले.

शिकलेली मुलं चाकणला, भोसरीला जातात, काही आखातात गेली. वाईट वाटतं, पण मी कुणाला बाँड लिहून घेतलेला नाही आणि घेणार नाही. जास्त पगाराला जाणाऱ्याला अडवायचा मला अधिकार नाही.

सध्या शाहूवाडीकडचा एक मुलगा 6जी या पाइप वेल्डिंगच्या परीक्षेची तयारी करतोय. पाइप पंचेचाळीस अंशांत पक्का बांधलेला, तो फिरत नाही, वेल्डरनं त्याच्याभोवती फिरायचं. मुळाला टिग, म्हणजे गॅसच्या आवरणातलं वेल्डिंग, वर 7018 काडी. पहिल्या पाइपच्या जोडातून कापलेल्या पट्ट्या तपासायला वाकवल्या तेव्हा खालच्या बाजूची पट्टी उघडली. दुसऱ्यात तीन टिकल्या, एक गेली. तिसरा पाइप सोमवारी लावायचा आहे.