बारीक दाणा आला तर?

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीला, पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीवर पाहुण्यांना माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे असते. निम्मी शक्ती मोबाईल बंद करायला लावण्यात जाते; आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की फोनच्या गोंगाटात ते बुडून जातात.

मी हमखास रेंगाळतो तो जाळीपाशी. आकाशातल्या रेडिओ लहरी परतवून एकत्र आणणाऱ्या, ४५ मीटर व्यासाच्या या ३० तबकड्यांना पत्रा नाही. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेची जाळी आहे, तिची भोके मध्याजवळ १० आणि कडेला २० मिलिमीटरची. वारा आरपार जात असल्याने सांगाडा हलका आणि स्वस्त ठेवता आला, ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची करामत.

जाळीचा तुकडा हातात घेऊन एका आजींनी विचारले, "यातून लाटा गळून जात न्हाईत का?" लहरींची लांबी भोकांच्या कितीतरी पट असल्याने त्यांच्या लेखी ही जाळी सलग पत्र्यासारखीच, असे मी सांगितले. "म्हंजी चाळणीवानी. दाणा मोठा, भोक बारीक." मी होकार दिला, तोच त्या म्हणाल्या, "आन् बारीक दाणा आला तर?"

जीएमआरटी साधारण २० सेंटिमीटरपासून दोन-एक मीटरपर्यंतच्या लहरींवर काम करते. त्याहून आखूड लहरी जाळीतून अधिकाधिक गळतात आणि तबकडीचा पृष्ठभागही त्यांच्यासाठी पुरेसा काटेकोर नाही. दुर्बिणीची ही मर्यादा माझ्या माहितीत शेवटी येते. आजी तिथे स्वतःच पोहोचल्या होत्या.

शेजारी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला ही उपमा खटकली. लहर म्हणजे दाणा नव्हे, तरंगलांबी ही लहरीची जाडी नव्हे, आणि दाणा एक तर वर राहतो नाही तर पडतो, लहरीचा मात्र काही अंश गळतो आणि उरलेला परततो, असे त्याचे म्हणणे. त्यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. पण आमच्यातले तज्ज्ञ उपमा कुठे तुटते एवढेच तपासतात, ती ऐकणाऱ्याला कुठवर नेते हे पाहत नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते. चाळणीचे नाव निघताच मी दुरुस्ती केली असती, तर दुसरा प्रश्न आला असता का? अंशतः गळण्याची गोष्ट मी आजींना त्या प्रश्नानंतर सांगितली, आणि त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली. ती आधीच सांगायला हवी होती, असे सहकारी अजूनही म्हणतो. मला ते पटलेले नाही.