आमची वाटचाल : दोन जाड्यांच्या हिशेबापासून डायच्या तक्त्यापर्यंत

भोसरी एमआयडीसीतील आमच्या शेडमध्ये सुरुवातीला एक शिअरिंग मशीन, एक पॉवर प्रेस आणि पत्रा वाकवणारा एक जुना प्रेस ब्रेक एवढीच सामग्री होती, आणि इलेक्ट्रिक पॅनेलचे बॉक्स हेच मुख्य काम होते. सपाट पत्रा किती लांब कापायचा हे काढायला बाहेरच्या मापांची बेरीज करून दर बेंडमागे, म्हणजे प्रत्येक वाकवणीमागे, पत्र्याच्या दोन जाड्या वजा करायच्या, असा आमच्या फिटरमंडळींचा हिशेब असे. तो चालूनही जाई, कारण भोके पत्रा वाकवल्यानंतर मार्किंग करून पाडली जात आणि थोडाफार फरक तिथेच मुरत असे.

लेझर कटिंग बाहेरून करून घेऊ लागलो आणि ही सोय संपली. भोके, बिजागरीच्या खाचा, कुलपाचे कटआउट हे सगळे आता सपाट पत्र्यावरच कापले जात असल्यामुळे वजावट चुकली की भोकांची जागाही चुकते.

सूत्र तसे अवघड नाही. पत्रा वाकताना आतला थर आकसतो, बाहेरचा ताणला जातो, आणि ज्या थराची लांबी बदलत नाही तो जाडीच्या मध्यावर न राहता थोडा आत सरकतो. आतल्या पृष्ठापासून तो जाडीच्या किती पट अंतरावर आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे के-फॅक्टर. जाडीला के-फॅक्टरने गुणून त्यात आतली त्रिज्या मिळवायची आणि त्या बेरजेला कोनाच्या रेडियन मापाने गुणायचे, की बेंड अलाउन्स, म्हणजे वाकलेल्या भागाला लागणारी सपाट लांबी, मिळतो; त्यावरूनच दर बेंडमागची वजावट निघते. खरी मेख त्रिज्येत आहे. एअर बेंडिंगमध्ये, म्हणजे पत्रा डायच्या (व्ही आकाराची खाच असलेल्या खालच्या साच्याच्या) तळाला न टेकवता वाकवताना, ती मुख्यतः डायच्या तोंडावर ठरते. साध्या पोलादाला ती व्ही-डायच्या रुंदीच्या साधारण १६ टक्के येते.

म्हणून आम्ही पुस्तकातला आकडा न घेता जाडी आणि डायच्या प्रत्येक जोडीसाठी १०० मिमीची पट्टी कापतो, ती ९० अंशांत वाकवतो आणि दोन्ही बाजूंची बाहेरची मापे व्हर्निअरने घेतो. २ मिमी सीआरसीए (थंड लाटलेल्या साध्या पोलादाच्या) पत्र्याला १६ मिमीच्या डायवर बेरीज १०३.७ आली, म्हणजे वजावट ३.७ मिमी, त्यावरून के-फॅक्टर ०.४४ च्या आसपास निघतो. तोच पत्रा १२ च्या डायवर घेतला तर वजावट ३.४ वर येते. फरक किरकोळ दिसतो, पण दोन्ही कडांना दुहेरी घडी असलेल्या दारात चार बेंड मिळून तो १.२ मिमी होतो आणि दार चौकटीला घासते. स्टेनलेसची त्रिज्या त्याच डायवर मोठी येते आणि तो पत्रा परत उघडतोही जास्त, म्हणून त्याचा तक्ता वेगळा ठेवला आहे.

आता ग्राहकांकडून थ्रीडी मॉडेल येते आणि त्यातला सपाट आराखडा बहुधा सॉफ्टवेअरच्या ठरीव के-फॅक्टरवर काढलेला असतो. आम्ही बाहेरची मापे तेवढी घेतो आणि आराखडा आमच्या तक्त्यावरून नव्याने काढतो. ग्राहकाचाच आराखडा वापरायचा आग्रह असेल, तर वाकवल्यानंतरच्या मापांची जबाबदारी त्यांची राहील, असे कोटेशनमध्ये स्पष्ट लिहितो.