नोटीस लागली ती गणपतीत

दिवाळीच्या सुट्टीला म्हणून डोंबिवलीला नेलेला सात वर्षांचा मुलगा बापाने परत पाठवलाच नाही. वकिलाला द्यायला पैसे नव्हते, म्हणून ताब्याचा अर्ज मीच लिहिला, मीच चालवला. पालक व पाल्य अधिनियम १८९०, कलम २५. मूल नेहमी जिथे राहतं तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, म्हणून गावच्या शाळेचा बोनाफाईड आणि हजेरीचा उतारा जोडला. पुढे "मुलगा तर डोंबिवलीत राहतो" हे ऐकावं लागलंच, तेव्हा तेच कागद कामी आले.

अर्ज दाखल झाला दोन फेऱ्यांत. बापाच्या हातात नोटीस पडायला, म्हणजे ती 'लागायला', नऊ महिने!

नोटीस पोचवणाऱ्या कोर्टाच्या माणसाचा, बेलिफाचा, भत्ता भरला, नोटीस तिकडच्या कोर्टामार्फत गेली. पहिली तारीख, नोटीस पोचली की नाही याचा अहवाल नाही. दुसरी, अहवाल नाही. तिसरीला आला: 'घर बंद'. पुन्हा अर्ज, पुन्हा भत्ता, पुन्हा पहाटेची एसटी. तीन तास बाकावर बसायचं, पुकारा झाला की दोन मिनिटांत पुढची तारीख. खिडकीवर विचारलं की एकच उत्तर, "ताई, वकील द्या ना." एकदा चिडून म्हटलं, "वकिलाला बघून तो दार उघडणार आहे का?" तुम्ही मात्र असं बोलू नका. पुढच्या खेपेला माझी फाइल सापडायला दुपार झाली.

शेवटी आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अगो, गणपतीला येईलच की तो." खरंच! चाकरमानी वर्षभर कुठे का असेना, चतुर्थीला गावी असतोच. सासरच्या घराचा पत्ता घालायचा अर्ज दिला, मंजूर झाला. त्यांचा गणपती पाच दिवसांचा. तिसऱ्या दिवशी बेलिफ गेले नि सही घेऊन आले.

पुढच्या तारखेला तो वकिलासह हजर. समुपदेशन, जजसाहेबांचं मुलाशी चेंबरमध्ये बोलणं, अंतरिम ताबा, सगळं तीन महिन्यांत. अंतिम निकाल अजून बाकी आहे.

हो, कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, २००४ पासून माफी आहे. मी दोनदा विकत घेतला. आणि बाईमाणसाला उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हे कळलं आठव्या महिन्यात, तोवर मी हट्टाला पेटले होते.

आदेश झाला त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. मी म्हटलं उद्या बघू, आणि नक्कल दाखवल्याशिवाय शाळेने नाव घातलं नाही. आठवडाभर पोरगा गावच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, हुंदडत होता, त्याची काही तक्रार नव्हती.